नांदेडपर्यंतची बॅटरी

आमच्या आईला गाडी लागते. साधीसुधी नाही, लातूरच्या बसस्टँडवरून एसटी सुटली की चाकूर यायच्या आत तिच्या हातात पिशवी असते. लिंबू हुंगून झालं, आवळासुपारी झाली, ड्रायव्हरमागची खिडकीची जागा झाली, कुणीतरी सांगितलं म्हणून बुडाखाली वर्तमानपत्र घेऊनही बसून झालं. काही उपयोग नाही. तिचं स्वतःचं निदान असं की तिच्या पोटात खोट नाही, खोट डिझेलच्या वासात आहे. बैलगाडीत तिला जन्मात कधी मळमळलं नाही, हे ती पुरावा म्हणून सांगते.

यात नुकसान एकच होतं, पण मोठं होतं. तिची एकुलती एक बहीण, माझी मावशी, नांदेडला असते. दोघींची आई लवकर गेली. शिरूर अनंतपाळकडच्या त्यांच्या गावात मावशीनेच आईची वेणीफणी केली, तिला भाकरी थापायला शिकवली आणि स्वतःचं लग्न झाल्यावर सहा महिन्यांत तिच्यासाठी स्थळही पाहिलं. आईचं माहेर म्हणजे मावशी. पण लातूर-नांदेड हा रस्ता मधे आला आणि या दोन बहिणी पंचवीस-तीस वर्षं फक्त लग्नात नाहीतर मयतीला भेटल्या. त्यातही आई पोचल्यावर अर्धा दिवस आडवी पडून असायची. मावशी लातूरला यायला तयार नाही. "तुमच्या लातुरात पाव्हण्याला पाणी मोजून देतेत. आमच्याकडं गोदावरी हाय," असं तिचं उत्तर. नांदेडवाल्यांचा हा तोरा आम्ही लातूरकर पिढ्यानपिढ्या ऐकत आलो आहोत.

आई माझ्याकडे राहते. भाऊ पुण्यात आहे, पण चौथ्या मजल्यावर तिचा जीव रमत नाही. तिथे दार लावून बसायचं आणि शेजारी कोण मेलं तेही कळत नाही, म्हणते. वडील गेल्यावर शेत बटईने दिलं आणि ती लातूरला आली. माझ्या नवऱ्याचं ट्यूशनवाल्या भागात झेरॉक्सचं दुकान आहे आणि मी मुरुडच्या पलीकडे एका गावात शाळेवर आहे. रोजचं अप-डाऊन. या अप-डाऊनसाठीच आम्ही काही वर्षांपूर्वी जुनी इलेक्ट्रिक गाडी घेतली. नवी परवडत नव्हती. पहिल्या मालकाने दोन वर्षं वापरून विकायला काढली होती. शाळेतल्या सहकाऱ्यांनी यथेच्छ थट्टा केली. "मॅडम, मोबाईलसारखं झालं तर? दोन वर्षांनी दुपारीच चार्जिंग संपतंय." मी म्हटलं, मोबाईल तुम्ही दिवसभर बघता, गाडी मी दोन तास चालवते. बोलून गेले, पण घरी आल्यावर बॅटरीच्या हमीचा कागद पुन्हा वाचून काढला.

गाडी आल्यावर पहिल्या रविवारी आई म्हणाली, मला जरा गावातून फिरवून आण. एक चक्कर मारली. तिला पिशवी लागली नाही. दुसऱ्या रविवारी औशापर्यंत जाऊन आलो, तरी काही नाही. तिसऱ्या रविवारी ती सकाळी सातलाच नेसून, हातात लिंबू धरून ओट्यावर बसली होती.

"कुठं?"

"आक्काकडं."

चाकूर गेलं, अहमदपूर गेलं. लोहा आलं तरी लिंबू तसंच मुठीत. मी मधूनमधून तिच्या तोंडाकडे बघत होते. ती समोर रस्त्याकडे बघत बसली होती, जणू गाडी तीच चालवतेय. नांदेडला पोचलो तेव्हा मावशी दारातच उभी होती. आईने उतरून ते लिंबू तिच्या हातात दिलं आणि म्हणाली, "घे, सरबत कर." मग दोघी अशा रडल्या की शेजारीण धावत आली, काय झालं म्हणून.

तेव्हापासून महिन्यातून एकदा नांदेड ठरलं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की गाडी पुन्हा भरून निघायचं, मुक्काम करायचा, रविवारी परत. मावशीच्या स्वयंपाकघरात मोठ्या पिनचं सॉकेट आहे, तिथून खिडकीतून वायर बाहेर काढून गाडीला लावायची. रात्रभरात गाडी भरते. मावशी एकटीच असते. काका गेले, मुलगा हैदराबादला असतो, वरच्या खोल्यांत भाडेकरू. पहिल्या वर्षी तिथे पोचल्यावर गाडीत चाळीसेक किलोमीटरचं चार्जिंग शिल्लक असायचं. आम्ही त्याकडे बघतही नव्हतो. भरपूर असलेल्या गोष्टीकडे कोण बघतं?

मग मावशी न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, वॉकर आला. फोन आला तो दिवस आईने कसा काढला ते मला नंतर कळलं. मी शाळेत होते, गाडी माझ्याजवळ. आई घरात या खोलीतून त्या खोलीत फिरत होती. मी येईपर्यंत तिने बॅग भरून दारात ठेवली होती, आणि मी आले तर गाडीत अर्धंच चार्जिंग. ते भरेपर्यंत आम्ही थांबलो. ती ओट्यावर बसून गाडीकडे बघत होती, दूध उतू जाईल म्हणून बघावं तशी. आम्ही निघालो तेव्हा अंधार पडला होता आणि नांदेडला पोचलो तेव्हा मावशीला ऑपरेशनला आत घेतलेलं होतं.

त्या दिवसापासून आईने गाडी भरायचं काम स्वतःकडे घेतलं.

इथे लातूरबद्दल दोन शब्द सांगावे लागतील. आमच्या गल्लीत नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, तेही त्याच्या मर्जीने. नळ आला की घागर, कळशी, बादल्या, पातेली, कुकरसुद्धा भरून ठेवायचा. ज्या शहराला एकदा रेल्वेने पाणी आणून पाजलंय तिथल्या बायकांना रिकामं भांडं बघवत नाही. शिळं पाणी ओतून द्यावं लागलं तरी चालेल, पण भांडं भरलेलं पाहिजे. विजेचंही तेच. गावाकडे लाईट आली की मोटार चालू करायची, मग पिकाला गरज असो नसो. त्यात घरी इन्व्हर्टर आहेच. त्याच्या बॅटऱ्या सतत भरलेल्या ठेवल्या तरच टिकतात, हे आम्हा सगळ्यांना पाठ. तेव्हा गाडी भरून ठेवणे यात काही चुकत असेल असा विचार आमच्या घरात कुणाच्याही डोक्यात आला नाही. आला असता तरच नवल.

मी शाळेतून आले की आई पायरीवर तयार. मी उतरायच्या आत तिने पिन लावलेली असायची. "भरली का?" हा प्रश्न ती झोपण्यापूर्वी विचारायची, उठल्यावर विचारायची. काट्याला शंभर दिसले की समाधान. नव्याण्णव असलं तर पुन्हा लावायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत तर गाडी कुठे जायचीच नाही. ती पत्र्याच्या शेडमध्ये दोन-दोन आठवडे गच्च भरून उभी. बाहेर ऊन असं की पत्र्याला हात लावला तर फोड यावा. आई दुपारी बॉनेटवर ओलं गोणपाट टाकायची, माठाला गुंडाळतात तसं. नवरा ओरडला, "मामी, करंट लागंल!" मग तिने गोणपाट काढलं आणि शेडच्या बाजूला जुनी साडी बांधली.

"एवढं भरून कशाला ठेवतीस रोज? मला शाळेपुरतं अर्धं लई झालं," मी एकदा म्हणाले.

"शाळेसाठी न्हाई ठेवत," ती म्हणाली. "आक्काचा फोन आला तर? बसू का मंग पुन्हा वाट बघत?"

मी पिन नीट बसलीय का बघितलं आणि आत गेले.

दुसऱ्या वर्षी नांदेडला पोचल्यावर वीसच किलोमीटरचं उरू लागलं. आम्ही म्हटलं, थंडी असेल. मग म्हटलं, वारा समोरून होता. टायरमध्ये हवा कमी, गाडीत मावशीसाठी घेतलेलं गव्हाचं पोतं, एसी. माणसाचं वय झालं की घरचे जशी कारणं शोधतात तशी आम्ही शोधत होतो. मग एका शनिवारी नांदेडच्या सिडकोच्या अलीकडे गाडीच्या काट्याशेजारी एक छोटं कासव पेटलं. म्हणजे चार्जिंग संपत आलंय, आता गाडी हळूच चालणार. आईने ते पाहिलं.

"ह्ये कासव काहून आलं?"

"आपोआप येतं," मी म्हणाले. मी एसी बंद केला.

"देवळाबाहेर असतंय, शुभ असतंय," असं म्हणून तिने त्याला नमस्कार केला. मागून हॉर्न वाजत होते आणि आम्ही सायकलच्या वेगाने मावशीच्या दारात पोचलो.

त्यानंतर आम्ही गाडी सर्व्हिसिंगवाल्याला दाखवली. त्याने टॅब जोडला, थोडा वेळ वाट बघायला लावली आणि सांगितलं की बॅटरीची ताकद चौऱ्याहत्तर टक्के राहिलीय. नव्या गाडीला शंभर धरली तर. नवऱ्याने विचारलं, हमीत बदलून मिळेल का? तर सत्तरच्या खाली गेली तरच मिळेल. आपली चार टक्क्यांनी जास्त चांगली आहे.

"म्हणजे पास पण होईना आन् नापास पण होईना," नवरा म्हणाला.

"गाडीत खराबी काही नाही," तो माणूस म्हणाला. "तुम्ही भरून ठेवत होता का नेहमी? उन्हात?"

"नेहमी," मी म्हणाले.

"तेच. हिला नेहमी शंभर टक्के भरून ठेवलं आणि वरून गरम झालं की ती लवकर थकते. ऐंशीपर्यंत भरा. लांब जायचंय त्याच दिवशी फुल करा, आणि फुल झाली की निघा. रिकामीही ठेवू नका." मग तो हसला. "इथं सगळेच भरून ठेवतेत. सांगितलं तरी ऐकत न्हाईत."

परत येताना आम्ही गाडीतच आकडे जुळवले. हिशोब साधा होता. शाळेला जाऊन येऊन अजूनही निम्मं उरत होतं, त्याला काही धक्का नव्हता. अडत होतं ते फक्त नांदेडला. हिवाळ्यात एसी न लावता कसंबसं जमलं असतं, उन्हाळ्यात नाही. नव्या बॅटरीचा भाव ऐकून नवरा म्हणाला की त्यात दुसरी जुनी गाडी येईल. आणि आईला यातलं काही सांगायचं नाही असं मी ठरवलं. म्हातारीने बहिणीसाठी जे केलं त्यानेच बहिणीचा रस्ता आखडला, हे तिला कोणत्या तोंडाने सांगू? नवऱ्यालाही बजावलं.

मग आमच्या घरात एक न बोलता चालणारी लढाई सुरू झाली. आई पिन लावायची, नवरा ऐंशीला येऊन काढायचा. आई बघायची, पुन्हा लावायची. नवरा दात घासायचं निमित्त काढून बाहेर जायचा आणि काढून यायचा. आठवडाभर हे चाललं. एका सकाळी आईने त्याला शेडमध्ये पिनसकट पकडलं.

"जावईबापू, लाईटबिल लई यायलंय का?"

आमचा नवरा तसा गरीब माणूस. खोटं बोलायला गेला की कान लाल होतात. त्याने सगळं सांगितलं. सर्व्हिसिंगवाला काय म्हणाला, चौऱ्याहत्तर म्हणजे काय, कासव का पेटलं. मी पोळ्या टाकून धावत गेले तोवर सांगून झालं होतं.

आई पिन हातात धरून उभी होती. "म्हंजे मीच खाल्ली का तिची बॅटरी?"

"तसं न्हाई मामी, ऊन..."

"भरू भरू म्हातारी केली मी तिला."

तिने पिन खुंटीला अडकवली, हात पदराला पुसले आणि आत गेली. त्या दिवशी ती जेवली, बोलली, पोळीच्या पिठाचं विचारलं. पण गाडीकडे गेली नाही. पुढचे कितीतरी दिवस मी शाळेतून आले की पायरी रिकामी असायची. मला नवऱ्याचा राग आला, सर्व्हिसिंगवाल्याचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या बॅटरीचा. एवढी हजारो वर्षं माणूस वस्तू भरून ठेवत आला, धान्य, पाणी, तेल, मीठ. आणि ही एक बया निघाली जिला भरलेलं सोसत नाही.

भावाचा पुण्याहून फोन आला. त्याचं म्हणणं, गाडी विकून टाका, आता आहे तोवर काहीतरी किंमत येईल, पेट्रोलची घ्या. मी म्हटलं, पेट्रोलच्या गाडीत आई बसेल का? तो म्हणाला, गोळी देऊन बसव. फोन स्पीकरवर होता. आई शेंगा फोडत होती, तिने मान वर केली नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मीच म्हणाले, चल, नांदेडला. अहमदपूरला चार्जिंग स्टेशन आहे, तासभर थांबू. आई म्हणाली, "तिला झेपंल का?" गाडीविषयी ती आता घरातल्या आजाऱ्यासारखं विचारायची. मी म्हटलं, झेपेल. त्या सकाळी फुल चार्ज केली आणि लगेच निघालो. ऊन नऊलाच तापलं होतं. एसी लावावा लागला, कारण वासाचा त्रास नसला तरी उकाडा आईला सोसत नाही. तुरीची डाळ, ज्वारी, पापड-कुरडयांचे डबे, सगळं मागे भरलेलं.

अहमदपूरचं चार्जिंग बंद होतं. पडद्यावर काहीतरी लाल अक्षरं होती आणि फोनवरचा माणूस हिंदीत सांगत होता की तक्रार नोंदवली आहे. शेजारच्या ढाब्यावर विनवणी केली, त्यांनी कूलरची पिन काढून आम्हाला दिली. साध्या पिनवर गाडी किती भरणार? आम्ही ढाब्याच्या बाजेवर बसून राहिलो. कूलर बंद झाल्यामुळे गिऱ्हाइकं आमच्याकडे बघत होती. आईने सकाळपासून घोटभर पाणी प्यायलं नव्हतं. मी बाटली पुढे केली तर नको म्हणाली. मला कळायला वेळ लागला. ढाब्यावर बायकांसाठी सोय नव्हती. पाणी प्यायलं तर जायचं कुठे? उन्हाने तिचे ओठ सुकले होते आणि ती बाटली मांडीवर ठेवून बसली होती. शेवटी ढाबेवाल्याची बायको स्वयंपाकातून बाहेर आली, तिनेच ओळखलं आणि आईला मागे आपल्या घरी घेऊन गेली. आई परत आली तेव्हा तिचे डोळे ओले होते. "लई चांगली हाय बाई," एवढंच म्हणाली.

आम्ही नांदेडला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. मावशी वॉकर धरून फाटकात उभी. सकाळपासून तिथेच ये-जा करत होती, जेवली नव्हती.

"काहून इतका येळ? मी किती फोन करून राहिली!"

"थांबत थांबत आलाव," आई म्हणाली. "आता आपल्यासारखंच हाय गाडीचं."

दोघी बहिणी एकमेकींकडे बघून हसल्या. मला हसू आलं नाही. मी खिडकीतून वायर काढायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीच्या स्वयंपाकघरात आई ज्वारीच्या भाकरी थापत होती. मावशी खुर्चीवर बसून तव्याकडे बघत होती आणि सूचना देत होती, जाड झाली, पाणी लाव. साठी उलटलेल्या बहिणीला ती अजून भाकरी शिकवत होती. मी चहा घेत होते आणि म्हणाले, उद्या पहाटेच निघू, ऊन व्हायच्या आत.

"तू निघ," आई म्हणाली. "मी राहते हितं."

मला वाटलं, आठ-पंधरा दिवस म्हणत असेल. "सुट्टी संपताना नेते मंग."

"न्हाई. राहतेच म्हणते." तिने भाकरी उलटली. "तुझी गाडी शाळेला पुरती, जावईबापू म्हणले. अजून लई वर्सं पुरंल. ती नांदेडनं मरती. मग कशाला दर महिन्याला तिला आन् मला फरफटायचं? एकदा आले, झालं."

मावशीने नुसती मान हलवली. म्हणजे दोघींचं आधीच ठरलेलं होतं.

माझा राग डोक्यात गेला. मी खूप बोलले. आई बहिणीकडे राहते हे कुठे ऐकलंय? मुलगा आहे, मुलगी आहे, आणि आई बहिणीच्या घरी? लोक काय म्हणतील? भाऊ काय म्हणेल? मी काय कमी केलं? तुला माझ्याकडे कशाची अडचण झाली? बोलता बोलता माझा आवाज चढला. वरची भाडेकरीण अर्ध्या जिन्यापर्यंत येऊन परत गेली.

आईने सगळं ऐकून घेतलं. मग तिने हाताचं पीठ परातीत झटकलं.

"तुझ्याकडं काय बी कमी न्हाई, बाई. तुझ्याकडं फकस्त आक्का न्हाई."

मावशीने वॉकरवरची मूठ घट्ट केली आणि खाली बघितलं.   या दोघींपैकी कोण कुणाला सांभाळणार, रात्री कुणाला काही झालं तर कोण उठणार, हे सगळं मी मनात जुळवत बसले आणि भाकरी गार झाली. आईने ती परत तव्यावर टाकून गरम करून दिली.

दिवसभर मी मावशीच्या न्हाणीघरात दोन ठिकाणी धरायला दांडे बसवून घेतले, भाडेकरणीला माझा नंबर दिला, औषधाच्या दुकानात सांगून ठेवलं. आई म्हणाली, एवढं कशाला. पण दांड्याला धरून दोनदा उठून बसून बघितलं तिने.

पहाटे निघाले. आईने पिन स्वतः काढली, वायर गुंडाळून मागे ठेवली. मावशी फाटकात, आई तिच्या शेजारी. दोघींनी हात केला. मी आरशात बघितलं नाही.

नांदेडहून लातूरकडे येताना चढ आहे, जाताना लागतं त्यापेक्षा जास्त चार्जिंग खातो. पण हवा गार होती, काचा उघड्या ठेवून आले. मागची डिकी रिकामी, शेजारची सीट रिकामी. घाई कसलीच नव्हती. ट्रक, टमटम, दुधाच्या मोटारसायकली, सगळे मला ओलांडून जात होते. लोहा मागे पडलं. अहमदपूरला वेग कमी केला, काट्याकडे बघितलं आणि थांबायची गरज दिसेना, तशीच पुढे आले. चाकूरच्या पुढे मी एकदा शेजारच्या सीटकडे बघून म्हणाले, "पाणी दिऊ का?" आणि मग बाटली दाराच्या कप्प्यात परत ठेवली.

घरी आले तेव्हा नवरा शेडमध्ये उभा होता. आईने त्याला आदल्या रात्रीच फोनवर सगळं सांगितलं होतं. पण सवयीने त्याने आधी दारातून वाकून काटा बघितला. बारा टक्के शिल्लक होते. त्याला खरंच आनंद झाला.

"न थांबता आलीस? चढ असून? जमलं कसं?"

"आई नव्हती ना गाडीत," मी म्हणाले. एवढं वाक्य पुरं होईपर्यंत मी ठीक होते.